माल आणि मालाची नोंद

व्यापारी पेठेत वावरणाऱ्या माणसाला बिल्टी म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. हुंडेकऱ्याच्या कचेरीत माल सोपविला की तो एक कागद आपल्या हाती देतो. माल कोणाचा, कोणाकडे जावयाचा, नग किती, वजन किती, भाडे कोणी द्यावयाचे, हे सर्व त्यावर लिहिलेले असते. मुक्कामाच्या गावी माल सुखरूप उतरला तरी बिल्टी दाखविल्यावाचून तो सुटत नाही. म्हणजे मालवाहतुकीच्या धंद्यात दोन वस्तू एकाच वेळी प्रवास करीत असतात: एक माल आणि दुसरी मालाची नोंद. दुसरी हरवली तर पहिली डोळ्यांसमोर असूनही हरवल्यासारखीच होते.

हे तत्त्व जुनेच आहे. बदलले आहे ते नोंदींचे प्रमाण आणि त्या ठेवण्याची जागा. पूर्वी ही जागा मुनीमजींच्या कपाटात होती. आज ती संगणकांनी भरलेल्या इमारतीत आहे आणि तिला डेटा सेंटर म्हणतात. वाढत्या मालवाहतूक कंपनीला हे घर जुनेच ठेवून का चालत नाही, ते नवे करावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे, आणि त्यात कोणती गोष्ट विसरली असता सारा खर्च व्यर्थ जातो, हे तीन प्रश्न आम्ही येथे विचारासाठी घेतले आहेत.

नोंदी कशा वाढतात

अमेरिकेतील फेडेक्स या कंपनीचे उदाहरण घेऊ. १७ एप्रिल १९७३ च्या रात्री मेंफिस शहरातून १४ लहान विमानांनी १८६ पुडकी २५ शहरांकडे नेऊन तिने आपल्या कामाचा आरंभ केला. १८६ पुडक्यांची नोंद दोन कारकून एका वहीत सहज करतील. परंतु पुडकी वाढली तशी वही पुरेना. १९७९ साली कंपनीने सर्व माल आणि वाहने यांची माहिती एकत्र ठेवणारी मध्यवर्ती संगणकव्यवस्था सुरू केली. १९८६ मध्ये पुडके उचलणाऱ्या माणसाच्या हाती पट्ट्यांचा संकेत वाचणारे यंत्र आले. १९९४ मध्ये ग्राहकाला घरबसल्या इंटरनेटवरून आपले पुडके कोठे आहे हे पाहता येऊ लागले. कंपनी मोठी होत गेली हे तर खरेच. पण प्रत्येक पायरीला एकेका पुडक्यामागील नोंदींची संख्याही वाढत गेली, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

थोडा हिशेब मांडून पाहू. समजा, एखादी कंपनी रोज ५० हजार नग पोहोचविते. उचलताना, गोदामात येताना, गाडीत चढताना, उतरताना, दारी देताना, अशी प्रत्येक नगाची आठ ठिकाणी नोंद होते. या झाल्या ४ लाख नोंदी. पाठविणारा आणि घेणारा मिळून पाच वेळा ‘माल कोठे आहे’ असे विचारतात, असे धरले तर अडीच लाख प्रश्न वेगळेच. शिवाय हे काम दिवसभर सारखे वाटलेले नसते. संध्याकाळी माल गोळा होतो, रात्री गोदामात त्याची विभागणी होते, पहाटे गाड्या सुटतात. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात तर सारा हिशेबच कोलमडतो. तेव्हा यंत्रे सरासरी दिवसाला पुरून उपयोगी नाही. ती सर्वांत वाईट रात्रीला पुरावी लागतात.

यात सरकारी नोंदीही आल्या. आपल्याकडे १ एप्रिल २०१८ पासून ५० हजार रुपयांहून अधिक किमतीचा माल राज्याबाहेर पाठवावयाचा तर सामान्यतः ई-वे बिल काढावे लागते. जुन्या काळी बिल्टी मागाहून लिहिली तरी गाडी हलत असे. आज नोंद झाल्यावाचून गाडी फाटकाबाहेर पडू शकत नाही. नोंदीचे घर बंद पडले की ट्रक, ड्रायव्हर, डिझेल आणि रस्ता सर्व जागेवर असूनही धंदा उभा राहतो.

या घरात काय असते

डेटा सेंटर म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर लुकलुकणारे दिवे येतात. वस्तुतः त्या इमारतीचा मोठा भाग विजेच्या आणि थंडाव्याच्या व्यवस्थेने व्यापलेला असतो. तेथील सर्व्हर म्हणजे सतत जागे राहून इतरांच्या प्रश्नांना उत्तरे देणारे संगणक. ते लोखंडी कपाटांसारख्या रॅकमध्ये एकावर एक रचलेले असतात. त्यांना तीन गोष्टी अखंड लागतात: वीज, थंडावा आणि बाहेरच्या जगाशी जोडणारी तार.

विजेची गोष्ट आपल्या ओळखीची आहे. आपल्या घरची वीज गेली तर आपण मेणबत्ती शोधतो. सर्व्हरला क्षणभराचाही अंधार चालत नाही. म्हणून मध्ये बॅटरीची व्यवस्था ठेवतात. बॅटरीने काही मिनिटे भार सांभाळावयाचा आणि तेवढ्यात डिझेलचा जनरेटर सुरू व्हावयाचा, असा हा क्रम असतो. चार जनरेटर पुरत असतील तेथे पाच ठेवावेत, कारण एक तरी दुरुस्तीला असणार. याहून सावध मंडळी सबंध व्यवस्थाच दुहेरी करतात. दोन वेगळ्या वाटांनी वीज येते आणि प्रत्येक सर्व्हरला दोन्हीकडून जोड असते. मात्र हा जोड खरोखरच आहे की नाही, हे तपासावे लागते. ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेतील डेल्टा या विमानकंपनीच्या अटलांटा येथील केंद्रात विजेच्या एका उपकरणात बिघाड झाला. राखीव वीज होती. परंतु सुमारे ७ हजार यंत्रांपैकी ३०० च्या आसपास यंत्रे तिला नीट जोडलेलीच नव्हती, असे मागाहून उघड झाले. त्यापायी तीन दिवसांत दोन हजारांवर उड्डाणे रद्द करावी लागली.

आता थंडाव्याकडे वळू. सर्व्हर जी वीज घेतो ती जवळजवळ सारीच उष्णता होऊन बाहेर पडते. शंभर किलोवॅटची यंत्रे असलेल्या खोलीत दोन किलोवॅटच्या पन्नास शेगड्या रात्रंदिवस पेटत्या ठेवल्यासारखेच होते. जुन्या केंद्रांत सबंध दालनच गार करीत, त्यामुळे गार आणि गरम हवा एकमेकींत मिसळून वीज वाया जाई. नव्या रचनेत रॅकची तोंडे समोरासमोर ठेवून मधली वाट थंड हवेची करतात, पाठीमागची वाट गरम हवेची करतात, आणि दोहोंमध्ये आडोसा घालतात. या साध्या युक्तीने पुष्कळ वीज वाचते. २००७ च्या सुमारास झालेल्या एका पाहणीत, यंत्रांना लागणाऱ्या एका युनिटामागे केंद्राला सरासरी एकंदर अडीच युनिटे वीज लागत असे. अलीकडे हे प्रमाण दीडच्या आसपास आले आहे.

तारेविषयी एकच सांगतो. दोन कंपन्यांच्या तारा घेतल्या म्हणजे दोन वाटा झाल्या, असे पुष्कळांना वाटते. पण त्या दोन्ही तारा एकाच चरातून जात असतील, तर रस्ता खोदणारा एकच जेसीबी दोन्ही एकदम तोडतो.

जुने घर का अपुरे पडते

कंपनी वाढत असताना तिचे डेटा सेंटर कोणी एका आराखड्याने बांधलेले नसते. भाड्याचा हिशेब ठेवावयाचा म्हणून एक सर्व्हर घेतला; गोदामासाठी दुसरा; दुसरी एखादी कंपनी विकत घेतली तेव्हा तिची यंत्रे तिच्यासह आली. वाडा जसा पिढ्यांगणिक एकेक खण वाढत जातो तसेच हे आहे. अशा ठिकाणी एकेक यंत्र एकेका कामाला जुंपलेले असते, आणि त्याची शक्ती अनेकदा दहाव्या-पाचव्या हिश्शाइतकीच वापरली जाते. उरलेला वेळ ते नुसते वीज खात आणि खोली तापवीत बसते.

यावर जो उपाय निघाला त्याचे तत्त्व आपल्या ओळखीचे आहे. एका मोठ्या इमारतीत भिंती घालून वीस बिऱ्हाडे राहतात. प्रत्येकाचे दार वेगळे, चूल वेगळी, पाया मात्र एकच. त्याचप्रमाणे एका शक्तिमान सर्व्हरमध्ये वीस आभासी सर्व्हर नांदविता येतात. प्रत्येकाला आपण स्वतंत्र यंत्रच आहोत असे वाटते. खालचे यंत्र दुरुस्तीला काढावयाचे तर वरचे बिऱ्हाड काम चालू असतानाच दुसऱ्या यंत्रावर हलविता येते. दिवाळीत एखाद्या कामाला जास्त शक्ती लागली तर ती तेवढ्यापुरती देता येते आणि सण संपल्यावर परत घेता येते.

खरी अडचण यंत्रांपेक्षा जुन्या प्रोग्रॅमची असते. तीस-चाळीस वर्षांपूर्वी लिहिलेले हिशेबाचे प्रोग्रॅम आजही बिनचूक चालतात, पण त्यांची आतली गोष्ट ठाऊक असलेली माणसे निवृत्त झालेली असतात. चालते आहे म्हणून कोणी हात लावीत नाही. आणि हात लावीत नाही म्हणून ते अधिकच अवघड होत जाते. वर ज्या फेडेक्सचे उदाहरण घेतले, तिनेही २०२२ साली आपली उरलेली जुनी महासंगणकयंत्रे दोन वर्षांत निकालात काढण्याचा, स्वतःची डेटा सेंटर बंद करण्याचा आणि ते काम भाड्याच्या सामायिक केंद्रांवर नेण्याचा बेत जाहीर केला. त्यातून वर्षाला ४० कोटी डॉलर वाचतील असा तिचा अंदाज होता.

दुसरे घर आणि त्याचे अंतर

विक्रेते सांगतात की आमची व्यवस्था ९९.९ टक्के वेळ चालू असते. हा आकडा ऐकावयास बरा वाटतो. पण वर्षाचे तास ८,७६०. त्यांतील एक हजारांश भाग म्हणजे पावणेनऊ तास. ते पावणेनऊ तास नेमके दिवाळीच्या आधीच्या रात्री आले तर? आणखी एक नऊ वाढवून ९९.९९ टक्के केले की हा अवधी सुमारे ५३ मिनिटांवर येतो. मात्र या एका नवासाठी बहुधा दुसरे घरच उभारावे लागते.

ते किती दूर असावे? फार जवळ असेल तर एकाच संकटात दोन्ही सापडतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे आपल्याकडे कोण विसरेल? ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी या वादळाने न्यू यॉर्कच्या सखल भागात समुद्र शिरला, तेव्हा एका इमारतीतील जनरेटर उंच मजल्यावर कोरडे आणि धडधाकट होते. पण त्यांना डिझेल चढविणारा पंप तळघरात बुडाला होता. शेवटी माणसांनी बादल्यांतून सतरा मजले डिझेल वाहून नेले.

उलट फार दूर असेल तर वेगळी अडचण येते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. शंभर किलोमीटरवर जाऊन परत यावयास त्याला एक हजारांश सेकंद लागतो. दोन्ही घरी नोंद झाल्यावाचून काम पुरे समजावयाचे नाही, असा कडक नियम ठेवला तर एवढे थांबणे सोसते. हजार-दीड हजार किलोमीटरवर मात्र ते गोदामातील हजारो नोंदींना जड जाते. म्हणून पुष्कळ कंपन्या दोन प्रकारच्या प्रती ठेवतात. एक जवळच्या घरात, क्षणोक्षणी जुळणारी. दुसरी दूरच्या प्रांतात, काही क्षण किंवा मिनिटे मागून चालणारी.

येथवर सांगितलेल्या सर्व गोष्टी पैसे खर्चून मिळतात. पुढची गोष्ट केवळ पैशाने मिळत नाही.

एका विझलेल्या यंत्राची कथा

२७ जून २०१७ रोजी मर्स्क या डॅनिश जहाजकंपनीच्या कचेऱ्यांतील संगणक एकामागून एक काळे पडू लागले. जगातील समुद्री मालवाहतुकीत ही अगदी अग्रगण्य कंपनी. युक्रेनमधील हिशेबाच्या एका प्रोग्रॅममधून ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक प्रोग्रॅम पसरला आणि तो मर्स्कच्या जाळ्यात शिरला. कंपनीच्या ७६ बंदरस्थानकांपैकी १७ ठिकाणचे काम विस्कळीत झाले. आपल्या न्हावा-शेवा येथील तिच्या समूहाचे स्थानकही त्यांत होते. जहाजे सुरक्षित होती, क्रेन उभ्या होत्या, पेटाऱ्यांना ओरखडाही गेला नव्हता. पण कोणत्या पेटाऱ्यात काय आहे आणि तो कोणाला द्यावयाचा, हे सांगणारे कोणी उरले नव्हते. फाटकांबाहेर ट्रकांच्या रांगा लागल्या.

आता यातील मर्म पाहा. मर्स्कपाशी दुसऱ्या प्रती नव्हत्या असे नाही. जाळ्यात कोण माणूस आहे आणि त्याला कोणते दार उघडावे, हे ठरविणारी दीडशेच्या आसपास यंत्रे जगभर होती, आणि त्यांतील प्रत्येक यंत्र इतरांची प्रत सतत बाळगीत असे. एक गेले तर बाकीची सांभाळतील, असा हिशेब होता. सर्वच एकदम जातील हे कोणाच्या मनात आले नव्हते. ती एकमेकांशी सतत जोडलेली होती, म्हणूनच ती एकाच वेळी पुसली गेली. शोधाशोध झाली तेव्हा आफ्रिकेतील घाना देशात एक यंत्र शाबूत सापडले. हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेलेली होती! यंत्र बंद होते, म्हणून वाचले. तेथील तार इतकी मंद की एवढी माहिती तिच्यावरून पाठवावयास कित्येक दिवस लागले असते. तेव्हा माणसाच्या हाती देऊन ती नायजेरियामार्गे इंग्लंडला नेली आणि तिच्या आधारे सारे जाळे पुन्हा विणले. दहा दिवसांत ४ हजार सर्व्हर, ४५ हजार संगणक आणि अडीच हजार प्रोग्रॅम नव्याने बसविण्यात आले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले.

ज्या वीज जाण्याला सारे डेटा सेंटरशास्त्र शत्रू मानते, तिनेच येथे कंपनीला हात दिला. याचा अर्थ वीज घालवावी असा कोणी करणार नाही. अर्थ एवढाच की, सतत जोडलेली प्रत ही अपघातावरचा उपाय आहे. घातपातावर ती उपाय होऊ शकत नाही. मूळ वहीत शाई सांडली की नक्कलवहीतही त्याच क्षणी सांडत असेल, तर ती नक्कल कशाची?

मर्स्क मोठी होती म्हणून तगली. इंग्लंडमधील नाईट्स ऑफ ओल्ड ही १८६५ साली स्थापन झालेली मालवाहू कंपनी, सुमारे ५०० ट्रक बाळगणारी. जून २०२३ मध्ये खंडणीखोरांनी तिच्या संगणकांतील माहिती कुलूपबंद केली. राखीव प्रतीही वाचल्या नाहीत. आधीच बाजार मंद. त्यात हिशेबाचे आकडेच हाती नाहीत, तेव्हा नवे भांडवल मिळवावयाचे तरी कशाच्या आधारावर? सप्टेंबरमध्ये कंपनी बंद पडली आणि सातशेहून अधिक माणसांची नोकरी गेली. दोन महायुद्धांतून टिकलेली पेढी तीन महिन्यांत संपली. तिचे ट्रक चालू स्थितीत होते.

सुधारणेचा क्रम

यावरून सुधारणेचा क्रम कसा असावा हे आपोआप ठरते. प्रथम यादी करावी. कोणते काम कोणत्या यंत्रावर चालते आणि ते बंद पडले तर किती वेळ कळ काढता येईल, हे कामवार लिहून काढावे. गाडी सोडण्याच्या कामाला दहा मिनिटे जड जातील. पगारपत्रकाला एक दिवस चालेल. सर्वांना सारखेच संरक्षण देऊ पाहणारा पैसे उधळतो आणि नेमक्या जागी उणा पडतो.

दुसरे, नोंदीच्या निदान तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतील एक दुसऱ्या गावी असावी. हा नियम या व्यवसायात रूढ आहे. त्याला आता आणखी एक जोड द्यावी लागते: एक प्रत जाळ्यापासून पूर्णपणे तोडलेली असावी, किंवा ठराविक मुदतीपर्यंत कोणालाही, मालकालाही, बदलता येणार नाही अशी असावी.

तिसरे, स्थलांतर एकदम करू नये. धंदा चालू ठेवून घर बदलावयाचे आहे. जुनी आणि नवी व्यवस्था काही काळ शेजारी-शेजारी चालवावी, दोहोंचे आकडे रोज पडताळावेत, कमी वर्दळीच्या रात्री एकेक काम हलवावे, आणि परत फिरण्याची वाट मोकळी ठेवूनच पुढे पाऊल टाकावे.

चौथी गोष्ट म्हणजे तालीम. राखीव प्रत घेतली एवढ्याने भागत नाही. तिच्यावरून धंदा उभा करून पाहिला पाहिजे. वर्षातून दोनदा तरी मुद्दाम पहिले घर बंद करून दुसऱ्यावर काम चालवावे. तालीम न झालेले नाटक पहिल्या प्रयोगाला कसे होते हे आपण जाणतोच.

घर स्वतःचे की भाड्याचे, हा प्रश्न यानंतरचा. मुंबई आणि नवी मुंबई हा आज देशातील डेटा सेंटरांचा सर्वांत मोठा पट्टा आहे; समुद्राखालच्या तारा मुंबईच्या किनाऱ्यावर येतात हे त्याचे एक मोठे कारण. तेथे रॅक भाड्याने मिळतात. यंत्रेही न घेता नुसती गणनशक्ती वापराप्रमाणे घेता येते. दहा ट्रकांच्या मालकालाही यामुळे मोठ्या कंपनीच्या तोडीची यंत्रे परवडू लागली, हा मोठाच लाभ आहे. परंतु भाड्याने घर घेतल्याने काळजी भाड्याने देता येत नाही. मार्च २०२१ मध्ये फ्रान्सच्या स्ट्रासबर्ग शहरात अशा एका भाड्याच्या केंद्राची इमारत जळाली. ज्यांनी आपली राखीव प्रतही त्याच आवारात ठेवली होती, त्यांच्या दोन्ही प्रती एका रात्रीत गेल्या.

या व्याख्यानमालेच्या श्रोत्यांत ट्रान्सपोर्टचा धंदा करणारे थोडे असतील, पण त्यांच्या धंद्यावर ज्यांचे जीवन चालते असे आपण सर्वच आहोत. दुकानातले औषध, मुलांची पुस्तके, बाजारसमितीतून निघालेला कांदा, हे सारे कोणत्या तरी नोंदीच्या बळावर हलत असते. म्हणून ज्यांच्या हाती हा धंदा आहे त्यांना आमचे एवढेच सांगणे की, नव्या यंत्रांची किंमत विचारण्यापूर्वी एक प्रश्न आपल्याच माणसांना विचारावा: आज रात्री येथले सर्व संगणक पुसले गेले, तर उद्या सकाळी पहिली गाडी कोणत्या कागदावर सोडाल? या प्रश्नाला ठाम उत्तर मिळाले तर पुढचा खर्च सत्कारणी लागेल. उत्तर मिळाले नाही तर सुधारणेला आरंभ कोठून करावयाचा, हे निदान कळले.